आप्पांचा क्विंटल, तुमचा किलो

पत्र :

'माझं माहेर डोंबिवलीचं, सासर निफाड तालुक्यातलं. आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो. सासऱ्यांचा (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो) कांदा असतो. घरात बाकी सगळं छान आहे, भांडणं होतात ती बातम्यांवरून. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली तेव्हा मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कांदा आवाक्यात, गृहिणींना दिलासा" ही बातमी टाकली, वर टाळ्यांचा इमोजी. आप्पा एक शब्द न बोलता ग्रुपमधून बाहेर पडले. तेव्हापासून माझ्याशी बोलणं जेवढ्यास तेवढं. लोकसभेला महायुतीला कांद्यानंच पाडलं, हे त्यांचं ठाम मत. माझे बाबा बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, शेतकऱ्याला आयकर नाही, वर कर्जमाफी आणि अनुदान, तरी रड आहेच; आणि विधानसभेला लाडक्या बहिणींनी तारलं. दीर म्हणतात, सगळा मीडिया विकला गेलाय. नवरा म्हणतो, तू जग फ्लॅटच्या गॅलरीतून बघतेस. मला खरंच तटस्थ व्हायचंय. स्वतःला बाजूला ठेवून बातमी कशी वाचायची?

ता. क. सगळ्यांना चालेल असं एखादं निःपक्ष चॅनेल आहे का? माझा भाऊ अमेरिकेत एच-वन-बी वर आहे, तोही विचारत होता.'

– एक सून, पुणे

उत्तर :

तटस्थ व्हायचा नाद सोडून द्या. आठवड्याला दोन किलो कांदा घेणारी तुम्ही आणि ट्रॉल्याच्या ट्रॉल्या विकणारे आप्पा, एकच बातमी सारखीच वाचाल ही अपेक्षाच चुकीची आहे. आपण कोण आहोत हे विसरून वाचता येत नाही. आपण कुठला आकडा बघतोय हे मात्र उमजून वाचता येतं. आणि तुमच्या घरातलं भांडण, पत्रावरून तरी, त्या आकड्यापाशीच अडलेलं दिसतं.

तुम्ही किलोचा भाव बघता, आप्पा क्विंटलचा. निर्यातबंदीनंतर लासलगावचा भाव काही दिवसांतच निम्म्यावर आला. क्विंटलमागे दीड हजार उतरले असं धरू आणि आप्पांचा माल शंभर क्विंटल धरू. हिशेब दीड लाखाचा होतो. तुमच्या भाजीवाल्याकडे किलोमागे वीसेक रुपये कमी झाले असतील, तर तुमचा फायदा महिन्याला दीडशे-पावणेदोनशे. तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्या त्या दीडशे रुपयांसाठी. आप्पांनी बघितल्या त्या स्वतःच्या दीड लाखावर वाजलेल्या. तुमच्या मनात असं काही नव्हतं, हे मलाही कळतं आणि बहुधा त्यांनाही. पण हा हिशेब तुम्ही मांडला नव्हता आणि ते तो आठवडाभर मांडत बसले होते.

(तिसरीही एक बाजू आहे, तीही लिहून टाकतो. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना ते दीडशे रुपये तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त लागतात. त्यांच्या बाजूने विचार केला तर स्वस्त कांद्याचा आनंद खोटा नाही. ही गोष्ट आप्पांना सांगायला हरकत नाही, फक्त पहिल्याच फोनमध्ये नको.)

आता त्या बातमीच्या आधी काय काय घडलं होतं, ते आप्पांच्या जागी उभं राहून बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये कांद्याचा भाव इतका पडला की बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूर बाजारात ५१२ किलो कांद्याचे सगळी कपात जाऊन जेमतेम दोन रुपये उरले आणि तेवढ्याचाच धनादेश हातात पडला. राज्य सरकारने नंतर क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही एका शेतकऱ्यामागे २०० क्विंटलच्या मर्यादेत. पुढे तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. खरिपाचा कांदा लांबणार हे दिसू लागलं, चाळीतल्या (म्हणजे साठवणीच्या शेडमधल्या) उन्हाळ कांद्याला भाव चढू लागला, आणि १९ ऑगस्टला केंद्राने ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. मग केंद्राने २,४१० रुपये क्विंटलने आणखी दोन लाख टन घ्यायचं जाहीर केलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरचा किमान निर्यातदर आला, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचं नाही. आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद, आधी ३१ मार्चपर्यंत, नंतर पुढच्या आदेशापर्यंत.

पुण्यात या पाच-सहा वेगवेगळ्या बातम्या होत्या. मधे क्रिकेटचा विश्वचषक झाला, दिवाळी झाली, पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, आणि तुमच्यापर्यंत शेवटची तेवढी पोचली. आप्पांसाठी ते सगळं मिळून एकच साल होतं, आणि त्या सालाचा अर्थ त्यांनी असा लावला : भाव पडला की तो बाजार, भाव चढला की तिथे सरकार.

तारीखही बघा. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राखता येतो; वजन घटतं, कोंब येतात, काही सडतो, पण भाव पटला नाही तर थांबायची सोय असते. लाल कांद्याला ती नाही. काढला की विकायचा. म्हणजे बंदी आली ती नेमकी थांबणं हातात नसताना. तुमच्या बातमीत हे नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, कारण पुण्यातल्या वाचकाला ओट्यावरचा कांदा लाल की उन्हाळ याने फारसा फरक पडत नाही.

इथे लोक गफलत करतात. 'प्रत्येक जण आपापल्या नजरेतून बघतो' असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, नजर म्हणजे दोष, घोड्याची झापडं. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं आपल्या एका म्हणीत आहे : ज्याचं जळतं त्याला कळतं. आप्पांची कांद्याबद्दलची नजर म्हणजे नुसता पूर्वग्रह नव्हे, तीस-चाळीस वर्षांची माहितीही आहे.

तुमच्याच घरातलं उदाहरण घ्या. १९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काच्या आदेशावर सही केली. तो शनिवार-रविवार तुम्ही कसा काढलात, याची मला कल्पना आहे. अंमल एकवीस तारखेपासून. बाहेर असलेल्यांनी आधी परत या, म्हणून कंपन्यांचे निरोप. कुणाचं तिकीट, कुणाची सुट्टी अर्धवट. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की शुल्क नव्या अर्जांना, एकदाच, आधीपासून व्हिसा असलेल्यांना नाही. हा खुलासा तुम्ही शब्दन् शब्द वाचला असेल. 'नवे अर्ज' म्हणजे नेमके कुठले, नूतनीकरणाचं काय, कंपनी बदलली तर काय, सगळं पाठ. त्याच दिवशी निफाडमध्ये कुणी म्हणालं असेल, 'एवढे पगार घेतात, भरतील की लाख डॉलर.' तुम्हाला ते ऐकून जे वाटलं असतं, तेच आप्पांना टाळ्या बघून वाटलं.

जिथे आपल्याला झळ लागते तिथे आपण बारीक अक्षर वाचतो. जिथे लागत नाही तिथे मथळ्यावर भागवतो. स्वतःकडे लक्ष ठेवायचंच असेल तर इथे ठेवा. एखाद्या बातमीवर मथळा वाचूनच मत ठाम झालं तर समजा की ती झळ दुसऱ्या कुणाला लागली आहे, आणि बारीक अक्षर त्याला ठाऊक आहे.

आता लिलावाबद्दल, कारण बातमीतला आकडा तिथेच जन्मतो. सकाळी लासलगाव, पिंपळगाव बसवंत किंवा विंचूरला ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत जातो. कुणी ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कांदा वर काढतो, दाबून बघतो, साल चोळतो. बोली वर जाते, थांबते, मिनिटभरात सौदा ठरतो आणि पावतीवर भाव पडतो. पण काम तिथे संपत नाही. व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतताना आतून ओला किंवा बारीक निघाला तर 'वांधा' निघतो, आणि भाव पुन्हा खाली ओढला जातो. मग वजनकाटा, मग हिशोबपट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचं बिल, आणि तिच्यातली कपात. शेवटी खिशात येतो तो वेगळाच आकडा.

बाजार समिती संध्याकाळी तीन भाव देते : किमान, कमाल, सरासरी. एखाद्या दिवशी किमान ८००, कमाल २,६०० आणि सरासरी १,९०० आले असं समजा. कमाल भाव मिळतो तो निवडक, एकसारख्या मालाच्या थोड्या ट्रॉल्यांना. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, किमानात जाते. भाववाढीच्या दिवसांत चॅनेलची पट्टी काय दाखवते? कमाल. 'कांदा अडीच हजारांपार.' मंदीच्या दिवसांत शेतकरी संघटनेच्या पत्रकात काय असतं? बहुतेक वेळा किमान. दोन्ही आकडे खरे, त्याच बाजारातले, त्याच दिवसाचे. खोटं कुणीच बोललेलं नसतं. म्हणून बातमी खरी की खोटी, एवढं विचारून भागत नाही. कुठला भाव, कुठल्या मालाचा, आवक किती, हे विचारावं लागतं. राज्याच्या पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव आवकेसह असतात. दोन मिनिटांचं काम आहे.

दीर म्हणतात मीडिया विकला गेलाय. माध्यमांची मालकी कुणाकडे आहे आणि जाहिराती कुठून येतात, याची चिंता करायला भरपूर जागा आहे. मी माध्यमांची वकिली करायला बसलेलो नाही. पण काही वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढलेला माणूस म्हणून सांगतो, मथळे फिरायला पैसे लागत नाहीत. वृत्तसंस्थेची एकच बातमी येते. नाशिक आवृत्तीत ती 'निर्यातबंदीने कांदा उत्पादक संतप्त' होते, मुंबई-पुण्यात 'कांदा स्वस्त होणार'. उपसंपादक आपल्या वाचकाचा विचार करतो, आणि रात्री अकराला पान सोडायचं असताना तेवढाच करतो. विकलं गेलेलं त्यात काही नाही. वाईट एवढंच की नाशिकचा वाचक पुण्याचा मथळा बघत नाही आणि पुण्याचा नाशिकचा. पूर्वी तर बघायला मिळायचाही नाही. आता मोबाइलवर मिळतो, पण ग्रुपवर येऊन पडतो तो भांडणाच्या रूपात, तुमच्या घरी आला तसा.

आणखी एक गंमत बघा. दीर म्हणतात माध्यमं शेतकऱ्याच्या विरोधात आहेत. तुमच्या बाबांना विचारून बघा, ते बहुधा म्हणतील की माध्यमं शेतकऱ्याचं फार कौतुक करतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात यावर एक प्रयोग झाला, १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८२ साली बैरूतमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड झालं, त्याच्या टीव्ही बातम्यांच्या त्याच चित्रफिती इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांनी सांगितलं, बातम्या आमच्या विरोधात झुकलेल्या आहेत. आणि ज्यांना विषयाची जास्त माहिती होती त्यांना हा झुकाव जास्तच दिसला. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपण समजतो की शिकलेला, माहीतगार माणूस बातमी सरळ वाचतो. तसं नाही. त्याच्याकडे आपल्या बाजूचे गाळले गेलेले मुद्दे जास्त पाठ असतात, त्यामुळे बातमीत काय नाही हे त्याला आधी दिसतं. आप्पा आणि बाबा, दोघंही आपापल्या विषयात माहीतगार आहेत. भांडण रंगणारच.

बाबांचं बोलणं तुम्हाला पुस्तकी वाटत असेल, पण त्यालाही अनुभवाची बैठक आहे. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही हे खरंच आहे. बँकेच्या काउंटरमागे आयुष्य काढलेल्या माणसाने २००८ ची केंद्राची कर्जमाफी बघितली, मग राज्यात २०१७ आणि २०१९ च्या दोन. प्रत्येक वेळी त्याच्यासमोर नियमित हप्ते भरणारा कुणीतरी येऊन म्हणालाय, 'साहेब, मग मी भरले ती चूकच झाली का?' त्या माणसाचा चेहरा बाबांच्या मनात बसला असेल तर त्यात वावगं काही नाही. बाबांच्या पासबुकात दिसत नाही ते वेगळंच : निर्यातबंदीने शेतकऱ्याच्या खिशातून जे जातं त्याला कुणी कर म्हणत नाही, पावतीही मिळत नाही. माझं मत विचाराल तर शहराला कांदा स्वस्त द्यायचा सरकारला पूर्ण अधिकार आहे, पण त्याचे पैसे तिजोरीतून जावेत, एकट्या निफाडच्या माणसाकडून का? हे मत आहे. तुम्ही नाकारू शकता. मीही शहरात राहतो, भाजी मीच आणतो, तरी मत हेच आहे.

सरकारचीही एक नजर असते, आणि ती दिल्लीच्या किरकोळ भावावर खिळलेली असते. इंदिरा गांधींनी १९८० च्या प्रचारात कांद्याचा भाव मुद्दा केला. १९९८ मध्ये दिल्ली विधानसभेत भाजपची सत्ता गेली तेव्हा कांदा भडकलेला होता. तेव्हापासून कुठल्याही पक्षाचं सरकार असो, कांदा साठीला गेला की मंत्रालयांत धावपळ सुरू होते. २०१९ आणि २०२० मध्येही निर्यात बंद झाली होती. आप्पा याला डाव म्हणतात, मी भीती म्हणेन. पण इथे आम्ही दोघंही अंदाजच करतोय, हे लक्षात घ्या. काय झालं, ते अधिसूचनेत वाचता येतं. कुणाचं किती गेलं, ते त्यालाच विचारावं. का केलं, याबद्दल प्रत्येक जण आपल्या स्वभावाप्रमाणे बोलतो, आणि जिथे माहिती सर्वांत कमी तिथेच आवाज सर्वांत मोठा लागतो. तुमच्या घरातली भांडणं आठवून बघा. नव्वद टक्के या 'का' वर झाली असतील.

निवडणुकीचंही तेच. लोकसभेला कांद्यानं पाडलं, हे आप्पांचं म्हणणं हवेतलं नाही. बंदी ४ मे २०२४ ला उठली खरी, पण ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून, आणि २० मेला नाशिक-दिंडोरीत मतदान झालं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, नाशिकमध्ये महायुतीचेच हेमंत गोडसे हरले. कांदा भोवला, हे महायुतीच्या नेत्यांनीही नंतर बोलून दाखवलं. पण मग आप्पांना एवढंच विचारा, भांडण म्हणून नव्हे, खरंच कुतूहल म्हणून : सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्याच नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ आमदार महायुतीचे कसे आले? निफाडसुद्धा त्यातच. मतदार तेच, शेतं तीच.

बाबा लगेच म्हणतील, लाडकी बहीण. महिन्याला १,५०० रुपयांनी फरक पडलाच असणार. पण मधल्या काळात सप्टेंबरात किमान निर्यातदर काढला गेला, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि मतदानाच्या सुमारास कांद्याला भावही बरा होता, हे बाबांच्या गोष्टीत येत नाही. शिवाय विधानसभेला उमेदवार घरचा असतो, जात-गाव-भावकी असते, साखर कारखाना असतो, मराठा आरक्षणाचा प्रश्न असतो. आप्पांना जून आठवतो आणि नोव्हेंबर आठवत नाही. बाबांना नोव्हेंबर आठवतो आणि मे महिना नको असतो. ज्या निकालाने आपली गोष्ट पुरी होते त्या निकालाशी माणूस थांबतो. तुम्ही कुठल्या निकालाशी थांबता, ते पत्रात लिहिलेलं नाही, पण असेलच कुठलातरी.

एक मात्र करू नका. 'सगळेच आपापल्या जागी बरोबर' असं म्हणून गप्प बसू नका. ऐकायला समंजस वाटतं, पण तो आळस आहे. निर्यात कधी बंद झाली, कधी सुरू झाली, शुल्क किती होतं आणि १ एप्रिल २०२५ पासून ते शून्य झालं, यात कुणाची नजर चालत नाही. उद्या आप्पांनी जुन्या वर्षाचा, रस्त्यावर कांदा ओतल्याचा व्हिडिओ आजचा म्हणून पाठवला तर तो जुना आहे हे सांगायचं. सासरे आहेत म्हणून खोट्याला मान डोलवायची गरज नाही. तसंच 'शहरातले आयतं खातात' हे वाक्य आलं तर तेही गिळू नका. तुम्ही सकाळी आठला बस धरता हे त्यांनाही समजायला हवं.

आता आप्पांचं काय करायचं. पहिली गोष्ट, नवऱ्याला मधे घालू नका. मुलगा बापाकडे बायकोचा निरोप घेऊन गेला की निरोपाचा खुलासा होतो आणि खुलाशाचं भांडण. फोन तुम्ही स्वतः करा. दुपारी नको, लिलावाच्या दिवसांत ते बाजारात असतील. संध्याकाळी, जेवणाआधी. ग्रुपचा विषय तुम्ही काढायची गरज नाही. 'तुमचं मत काय' असं विचारायचीही गरज नाही. मतं तुम्हाला पाठ आहेत. मागायचीच असेल तर हिशोबपट्टी मागा. 'आप्पा, परवाच्या मालाची पट्टी मला फोटो काढून पाठवता का? किती भाव लागला आणि हातात किती आले, ते मला बघायचंय.' आप्पा आधी म्हणतील, 'कशाला?' त्यावर खरं ते सांगा, की बातमीत आकडा वाचते पण त्याचा अर्थ लागत नाही. शेतकऱ्याला सहानुभूती दाखवणारे पुष्कळ भेटतात, पट्टी वाचणारं कुणी भेटत नाही. ते अर्धा तास बोलतील. मधे सरकारला शिव्या येतील, त्या येऊ द्या. तुम्ही फक्त आकडे लिहून घ्या आणि जिथे समजलं नाही तिथे थांबवून विचारा.

त्यांनी विचारलंच, 'मग बंदी बरोबर होती का?' तर तुमचं जे मत असेल ते सांगा. पट्टी वाचूनही तुम्हाला वाटू शकतं की त्या वर्षी, तसा पाऊस असताना, सरकारपुढे दुसरा मार्ग नव्हता. ते मत घेऊन सासरी जाता येतं. आप्पांना राग आला असेल तो मताचा कमी आणि टाळ्यांचा जास्त, असा माझा अंदाज आहे.

त्यांना ग्रुपमध्ये परत घ्यायची घाईही नको. शेतकरी माणूस दिवसाला पन्नास 'शुभ सकाळ' न बघता सुखात जगू शकतो.

ता. क. चं उत्तर. सगळ्यांना चालेल असं चॅनेल नाही. ज्याला तुमच्या घरातले सगळे निःपक्ष म्हणतील ते चॅनेल बहुधा हवामान सांगत असेल, आणि पावसाच्या अंदाजावरूनही आप्पा भांडतील. रात्री नऊच्या चर्चा बंद करा, भावालाही तेच सांगा. तिथे चौकटीत बसवलेली माणसं 'का' वरच भांडत असतात. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा तुमचं पुण्याचं वर्तमानपत्र आणि 'ॲग्रोवन' या शेतीच्या दैनिकाचं बाजारभावाचं पान शेजारी शेजारी ठेवून वाचा. शहराच्या पानावर ज्याला दिलासा म्हटलंय त्याला तिकडच्या पानावर काय म्हटलंय, ते बघा. आणि भावाला सांगा, व्हिसाची बातमी अमेरिकेतल्या त्या लोकांच्या वर्तमानपत्रातही वाचून बघ, ज्यांना वाटतं की आपल्या नोकऱ्या याच व्हिसाने गेल्या. त्याला ती वाचायला आवडणार नाही, पण पुढचा नियम कुठल्या बाजूने येतोय, याचा अंदाज त्याला तिथे जरा आधी लागेल.